पाण्याचा ताळेबंद: पुरंदरच्या एका गावातल्या प्रकल्प नोंदी

१४ मे २०२३

आजपासून या नोंदी. काम थोडक्यात असं, की पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद गावातल्याच माणसांनी मांडायचा, पावसाळा संपला की किती पाणी साठलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्या हिशोबाने रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. एक पूर्ण पाणीवर्ष, म्हणजे जून ते मे.

गावात जलसंधारणाची कामं कमी झालेली नाहीत. बहात्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव आहे, नंतर डोंगरावर सलग समतल चर झाले, ओढ्यावर सिमेंट बंधारे आले, जलयुक्त शिवारमध्ये खोलीकरण झालं. माथा ते पायथा जवळपास सगळं झालंय. आणि तरीही कमी पावसाच्या वर्षी मार्च लागला की टँकर. मग लोक म्हणतात ताई अजून एक बंधारा मिळवून द्या. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला ठाम वाटतं की इथे अजून बंधारे बांधून काही होणार नाही, कारण अडवलेलं पाणी जानेवारी संपायच्या आत पंपाने वर येतं आणि कांद्याला जातं, ज्याची बोअर खोल त्याला शेवटपर्यंत मिळतं आणि ज्याची उथळ विहीर तो आधी कोरडा पडतो. पाणी अडवणं हे अर्धं काम. कोणी किती घ्यायचं हे ठरवणं हे उरलेलं अर्धं, आणि त्याला ना कुदळ मारायचा कार्यक्रम असतो ना फीत कापायचा, म्हणून ते कायम मागे राहतं.

सोबतीला गावातली दोघं आहेत. एक बीकॉम झालेली मुलगी, आणि एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा मुलगा. हा मुलगा मिळाला हे फार बरं झालं. गावातल्या प्रत्येक बोअरमधली मोटर त्याने कधी ना कधी वर काढलीये, त्यामुळे कोणाची मोटर किती फुटावर सोडलीये हे त्याला तोंडपाठ आहे, आणि ही माहिती कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

२८ मे २०२३

निरीक्षण विहिरी ठरवल्या. डोंगराच्या पायथ्याच्या, मधल्या पट्ट्यातल्या आणि ओढ्याकाठच्या, तिन्ही ठिकाणच्या घेतल्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, आम्हीही तेच महिने धरणार म्हणजे त्यांच्या आकड्यांशी पडताळून बघता येईल.

दोघांना मोजायला शिकवलं. स्टीलची टेप, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायची, जिथपर्यंत खडू ओला होऊन गडद दिसतो तिथवर पाणी. कठड्यापाशी जो आकडा आला त्यातून ओला भाग वजा, मग कठड्याची उंची वजा, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खाली ते कळतं. आदल्या संध्याकाळपासून पंप बंद पाहिजे, नाहीतर उपसलेल्या विहिरीचं रीडिंग येतं आणि ते काही कामाचं नाही. त्यासाठी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगावं लागतं, उद्या सकाळी विहीर मोजायचीये, रात्री मोटर लावू नका. असं सांगत फिरतानाच अर्धा प्रकल्प होतो असं मला वाटतं, कारण माणूस विचारतो कशाला मोजताय, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

पायथ्याच्या दोन विहिरींचा तळ उघडा दिसतोय.

२६ जून २०२३

पाऊस उशिरा. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ झालं, मोसमी वारे ११ जूनला कोकणात पोचले आणि तिथेच अडकले, पुढचा महाराष्ट्र काल-परवा व्यापला. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवलंय. रोज सकाळी साडेआठला रीडिंग, हवामान खात्याची वेळही तीच आहे. सातवीच्या मुलांनी आपापसात वार वाटून घेतलेत. २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरायचा हे त्यांना सांगितलं, आणि वहीत दोन रकाने केले, एकात पाऊस, दुसऱ्यात तो किती वेळात पडला. दुसरा रकाना मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चार तास रिपरिप पडलेले ३० मिमी जमिनीत मुरतात, तेच ३० मिमी वीस मिनिटांत पडले तर माती घेऊन ओढ्याला जातात. वार्षिक सरासरीत दोन्ही सारखेच दिसतात.

९ जुलै २०२३

आज आप्पांकडे बराच वेळ बसलो. आप्पा पंचाहत्तरीचे, तरुणपणी विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीच्या एका उपसा योजनेत होते. ती चळवळ नायगावची. नायगाव इथून लांब नाही, पण माझ्या सोबतच्या दोघांना तिथे काय झालं ते फारसं माहीत नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनिअर, स्वतःचा कारखाना चालवायचे. १९७२ च्या दुष्काळात पुरंदरमध्ये रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसं त्यांनी बघितली. आधी आपला धंदा सांभाळून काम करत होते, मग नायगावला देवस्थानची साधारण ४० एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तिथे बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर काढली, आणि एवढ्याशा पावसात डोंगरउतारावर किती पिकू शकतं ते करून दाखवलं. ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली. इथपर्यंतचं काम चांगलं होतं, पण असं काम इतरांनीही केलंय. साळुंखेंचं वेगळेपण पुढे आहे. ते म्हणायला लागले की पाणी जमिनीला नाही, माणसाला द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, मग त्याची जमीन पन्नास एकर का असेना. भूमिहीनालाही पाण्यात हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीसोबत जाणार नाही. ऊस नाही. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा.

आप्पा म्हणाले, पैसे भरायचे म्हणून आम्ही हिशोब विचारायला शिकलो, फुकट मिळालं असतं तर कोणी विचारलं नसतं. पाणी वाटणारा पाटकरी कसा नेमायचे, कोणाची पाळी चुकली तर काय करायचे, रात्री कंदील घेऊन पाट बघायला कोण जायचं हे सगळं सांगितलं. मी विचारलं भांडणं व्हायची का, तर म्हणाले रोज व्हायची, पण ती पाळीवरून व्हायची, पाळी असावी की नसावी यावरून नाही.

परत येताना बीकॉमवाली म्हणाली, ताई आपल्या गावातल्या भूमिहीनांचं काय? तिचं स्वतःचं घर भूमिहीन आहे. प्रश्न वहीत लिहून घेतलाय.

२१ जुलै २०२३

परवा रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. माणसं झोपेत गाडली गेली. मन लागत नाही. इथून सरळ अंतर काढलं तर ते फार नाही, आणि इथे जमीन अजून पुरती भिजलेली नाही. हवामान बदलावर बोलायला मला शाळा-कॉलेजात बोलावतात तेव्हा मुलं विचारतात की नेमकं काय होणार, दुष्काळ की पूर. दोन्ही. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पडायला लागला की धो धो पडतो, आणि मधले कोरडे दिवस लांबतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र वाढलेली नाही.

३१ ऑगस्ट २०२३

महिनाभर पाऊस नाही म्हणावं इतका कमी. देशभरातच हा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला, सरासरीच्या ३६ टक्के कमी. एल निनोचं वर्ष आहे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं ते. मुलांच्या वहीत पानभर शून्यं आहेत, तरी एकही दिवस गाळलेला नाही. बाजरी फुटव्यावर असतानाच पानं सुरळी करायला लागली. ज्यांच्या शेतात जुनी बांधबंदिस्ती नीट आहे तिथली बाजरी अजून हिरवी आहे, बांध फुटलेल्या शेजारच्या शेतातली पिवळी. मधे नुसता एक पांदण रस्ता. दोघांकडून फोटो काढून घेतले, सभेत दाखवायला लागतील.

२४ सप्टेंबर २०२३

काल पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस झाला, घरांत पाणी शिरलं. इथेही गणपतीत बरा झाला, ओढा एकदा वाहिला आणि दोन बंधारे भरले. गावात आनंद आहे, मलाही झाला, पण पर्जन्यमापकाची बेरीज ३०० च्या आसपासच आहे आणि या भागात ५०० तरी अपेक्षित असतो. भरलेला बंधारा डोळ्याला दिसतो आणि वाटतं झालं, यंदा मिटलं. जमिनीच्या पोटात किती गेलं ते मोजल्याशिवाय कळत नाही.

५ ऑक्टोबर २०२३

विहिरी मोजल्या. मेच्या मानाने पाणी सरासरी जेमतेम मीटरभर वर आलंय.

मग दोघांना बसवून हिशोब केला. मुद्दाम दोन वाटांनी केला, कारण एकाच वाटेने काढलेल्या आकड्यावर लोक बोट ठेवतात आणि ते बरोबरच आहे.

पहिली वाट पावसावरून. एक हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. गाव हिशोबाला १००० हेक्टर धरलं. ३०० मिमी पाऊस म्हणजे ३०० कोटी लिटर, आपल्या भाषेत ३००० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, १० लाख लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण यातलं बरंचसं उडून जातं, पिकं-झाडं घेतात, मातीत ओल म्हणून राहतं, काही वाहून जातं. भूजलाचा अंदाज काढायच्या ठरलेल्या पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पावसाच्या ७ टक्के पाणी मुरतं असं धरतात, भेगाळ आणि सच्छिद्र बेसॉल्ट असेल तर १३ टक्के. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण, म्हणून ७ धरले. म्हणजे २१० टीसीएम.

दुसरी वाट विहिरींवरून. १००० हेक्टरखाली पाणी एक मीटर चढलं, पण खडकाच्या त्या एक मीटर थरात पाणी धरायला जागा फार थोडी, बेसॉल्ट १ ते ३ टक्केच पाणी सोडतो. २ टक्के धरले तर २०० टीसीएम.

दोन्ही आकडे जवळ आले तेव्हा मोटरवाला उभाच राहिला आणि म्हणाला म्हणजे हे खरंय. त्याच्या चेहऱ्यावरचं ते बघून मला माझी पहिली वर्षं आठवली. जमिनीखालचं पाणी दिसत नाही म्हणून अमर्याद वाटत असतं. तो एक भ्रम कागदावरच्या दोन गुणाकारांनी जातो.

८ ऑक्टोबर २०२३

आज ताळेबंदाची बैठक झाली, शाळेच्या पटांगणात. चांगली माणसं जमली, बायका अपेक्षेपेक्षा जास्त आल्या कारण गावातल्या बचत गटांना आधी भेटून ठेवलं होतं.

शाळेच्या भिंतीवर आम्ही आधीच तक्ता रंगवला होता. वरती जमा, खाली खर्च. बोलायला मी उभी राहिले नाही, दोघांनीच मांडलं. जमा २०० टीसीएम. खर्चात पहिलं नाव पिण्याचं पाणी. लोकसंख्या २००० धरली, जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे झाले ४० टीसीएम. जनावरं धरून ५०. राहिले दीडशे. आता एक एकर कांद्याला रब्बीत साधारण ५०० मिमी पाणी लागतं असं धरलं तर २० लाख लिटर होतात, म्हणजे २ टीसीएम. दीडशेला दोनने भागा. ७५ एकर. संपलं.

सभा शांत झाली. कारण बियाणं घेऊन ठेवलेल्या लोकांची बेरीज त्याच्या दुपटीवर जात होती, ती पण आम्ही कृषी सेवा केंद्रात विचारून काढली होती. मागून एकजण म्हणाले, मग ऊस किती बसतो? उसाला २००० मिमी धरा, म्हणजे एकरी ८ टीसीएम. एक एकर उसात चार एकर कांदा. ज्यांच्या घरचा ऊस आहे त्यांनीच खाली बघितलं, कोणाला काही बोलावं लागलं नाही.

मग हिवरे बाजारचा विषय निघाला. पोपटराव पवारांच्या गावात दरवर्षी पावसाळा संपल्यावर असा हिशोब होतो, पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याची पिकं कमी करतात, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा त्यांचा जुना नियम आहे. बरेच लोक सहलीने जाऊन आलेत, सगळ्यांना डोंगरावरची झाडी आणि चर आठवतात. नियम आठवत नाहीत. म्हणून मी तेवढंच बोलले, की झाडी नियमामुळे टिकली.

भांडण झालं, व्हायलाच पाहिजे होतं. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांचं म्हणणं, विहीर आमची, कर्ज आमच्या नावावर, तुम्ही कोण सांगणार. याला माझ्याकडे एक कायद्याचं उत्तर असतं, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला १९९३ पासूनच्या कायद्याने बंदी आहे, पण कायदा पुढे केला की माणसं गप्प होतात आणि घरी जाऊन मोटर लावतात. म्हणून आप्पांना बोलायला सांगितलं. त्यांनी फार काही नाही सांगितलं, म्हणाले विहीर तुझी आहे, पाणी आलंय ते माझ्या आणि शेजाऱ्याच्या वावरातून खालून वाहत आलंय, त्याचं काय करतो सांग.

ठरलं ते असं. नवी बोअर या वर्षी कोणी घेणार नाही. कांदा घरटी अर्धा एकर, तोही तुषार किंवा ठिबकवर. अंजीर आणि सीताफळाच्या बागा जगवायच्या, कारण झाड एकदा गेलं की उभं करायला वर्षं जातात. बाकी ज्वारी-हरभरा, ओलीवर येईल तेवढं. गावविहिरीच्या ५०० मीटरमधल्या ज्या तीन विहिरी आहेत त्यांचा शेतीउपसा संक्रांतीनंतर बंद. सह्या झाल्या. सगळ्यांच्या नाही झाल्या.

१ नोव्हेंबर २०२३

काल राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, पुरंदरही त्यात आहे. वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्क माफी वगैरे सवलती मिळतील, त्या मिळायलाच हव्यात. पण गावाला हे आधीच माहीत होतं आणि पेरणी त्याप्रमाणे झाली होती. तीन आठवड्यांचा हा फरक रब्बीत फार मोठा असतो, एकदा रोप लागलं की शेतकरी ते वाळू देत नाही, तो टँकरने पाणी आणून घालतो.

१७ नोव्हेंबर २०२३

आज कॉलेजात बोलावलं होतं. बोलून झाल्यावर दोघी-तिघी थांबल्या, ताई यात करिअर होतं का, पगार मिळतो का. हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि मी कधीच टाळत नाही. होतं. भूजल यंत्रणेत भूवैज्ञानिक लागतात, मृद व जलसंधारण विभागात इंजिनिअर लागतात, वाल्मीत, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत, प्रशिक्षण मिळतं, अटल भूजल योजनेत गावोगाव जलसुरक्षा आराखडे करायला माणसं लागली, संस्थांमध्ये कामं असतात. पगार शहरातल्या नोकरीपेक्षा कमी आणि बहुतेक वेळा प्रकल्पाच्या मुदतीपुरता, हे स्पष्ट सांगते. घरचे विचारणार, त्यांना उत्तर तयार ठेवा.

पण शिक्षण कुठलं हवं यात अडकू नका हेही सांगितलं. माधवराव चितळे स्थापत्य अभियंता, १९९३ ला स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार २०१५ ला राजेंद्रसिंहांना, ते शिकले आयुर्वेद, आणि राजस्थानात अलवरकडच्या गावात दवाखाना काढायच्या विचाराने गेले ते जोहड, म्हणजे पाणी अडवणारी मातीची तळी, बांधायला लागले. शिरपूरचे सुरेश खानापूरकर भूवैज्ञानिक. हर्मन बाखर हे जेसुइट पाद्री, त्यांच्यामुळे आपल्याकडे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पोपटराव पवार एमकॉम. हे ऐकून आमची बीकॉमवाली हसली. खरं तर ताळेबंद हा तिचाच विषय आहे, जमाखर्च, शिल्लक, आणि तूट आली तर ती कोणाच्या वाट्याला हे बघणं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत सारखी दिसते. ही माणसं एका जागी खूप वर्षं राहिली. बंधारा एका उन्हाळ्यात होतो. गावाला पाण्याचा नियम अंगवळणी पडायला एक चांगलं वर्ष, एक वाईट वर्ष आणि एक निवडणूक जावी लागते.

२ डिसेंबर २०२३

गेल्या रविवारी अवकाळी आणि गारपीट. नाशिक पट्ट्यात द्राक्षबागा झोडपल्या, इकडेही काही ठिकाणी नुकसान आहे. आणि परवा दुबईत कॉप २८ या जागतिक हवामान परिषदेच्या पहिल्याच दिवशी हानी-नुकसान निधी, म्हणजे हवामान बदलाची झळ बसलेल्या गरीब देशांसाठीचा निधी, सुरू करायचा निर्णय झाला. मी ती बातमी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोप्या शब्दांत लिहून टाकली, कारण मला हे दोन विषय वेगळे ठेवायचे नाहीत. ज्यांनी धूर कमी सोडला त्यांच्या शेतात गारा पडतात, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो गावानेही विचारला पाहिजे. पण त्या निधीतला पैसा इथवर कोणत्या वाटेने येणार, गावाचं नुकसान कोण मोजणार, कशाच्या आधारावर? रोजचा पाऊस, विहिरीची पातळी, पेरा, सगळं तारखेनिशी लिहिलेलं असेल तर गाव काहीतरी मागू शकतं. हवामानाची वकिली करायची तर पुरावा वहीतच लागतो. त्या सातवीच्या मुलांना हे सांगायचंय.

२० जानेवारी २०२४

संक्रांत झाली. तीनपैकी दोन विहिरींच्या मोटरी बंद झाल्या, मोटरवाल्याने स्वतः स्टार्टर काढून मालकांच्या घरी ठेवले. तिसऱ्या विहिरीचे मालक नाना, ते तयार नाहीत. त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांची बाजू ऐकून घेतली तर ती खोटी नाही, अंजिराची बाग ऐन बहारात आहे, सोसायटीचं कर्ज आहे, आत्ता पाणी तोडलं तर वर्ष गेलं. शेवटी वरच्या अंगाच्या दोघा शेतकऱ्यांनी आपल्या शेततळ्यातलं पाणी बागेपुरतं पाइपने द्यायचं कबूल केलं. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, सुमारे २० लाख लिटर. नानांनी मोटर बंद केली, पण महिन्याने बघू म्हणाले. ठीक आहे, महिन्याने परत जायचं.

शेततळ्यांबद्दल एक लिहून ठेवायला हवं. पावसाचं वाहतं पाणी धरायला असेल तर शेततळं उत्तम. पण प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचं पाणी उपसून भरायचं चालू झालंय आणि ते मला फार घातक वाटतं. जमिनीखाली ऊन लागत नव्हतं ते पाणी वर आणून उन्हात ठेवायचं. उन्हाळ्यात दिवसाला ७-८ मिमी उडतं धरलं तर एवढ्या तळ्यातून रोज साडेसहा-सात हजार लिटर हवेत जातं, आणि सगळ्यांच्या मालकीचं भूजल एकाच्या कुंपणात जातं ते वेगळंच.

कांद्याची निर्यात ८ डिसेंबरपासून बंद आहे, भाव पडलेत. घरटी अर्ध्या एकरावर थांबलेल्यांना त्यामानाने कमी झळ बसली. हे आपल्या नियोजनाचं श्रेय नाही, पण पुढच्या बैठकीत पाणी आणि बाजार दोन्ही एकत्र मांडायचं ठरवलं.

३० मार्च २०२४

विहिरी मोजल्या. पायथ्याच्या आटल्या. गावविहिरीत पाणी आहे. शेजारच्या दोन गावांत टँकर सुरू झालेत.

नानांनी परत मोटर लावली होती, आठवडाभर. बागेची शेवटची तोडणी होईपर्यंत म्हणाले आणि मग खरोखर बंद केली. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये सही केली नव्हती त्यातल्या एकाने रातोरात बोअर घेतली, ती कोरडी गेली. याचा आनंद मानायचं काही कारण नाही, त्याचे पैसे गेले, पुढच्या वर्षी त्याला सभेत सगळ्यात आधी बोलायला लावायचं आहे.

१९ मे २०२४

आपल्याकडेही टँकर लागला, पण या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि वाड्या-वस्त्यांपुरता. गावठाणाला गावविहीर पुरली. आठ वर्षांपूर्वी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, तेव्हा मी पाहिलेली माणसं आठवतात, हंडे घेऊन रात्रभर रांगेत. मार्चचा टँकर मेवर गेला म्हणजे बायकांच्या दोन महिन्यांच्या डोक्यावरच्या खेपा वाचल्या. बचत गटाच्या बैठकीत हेच मोजायला सांगितलं, पाणी किती वाचलं ते आम्ही मोजू, तुमचा वेळ किती वाचला तो तुम्ही लिहा.

१० जून २०२४

यंदा पाऊस वेळेवर. मोसमी वारे ६ तारखेला महाराष्ट्रात आले, इथे दोन चांगले पाऊस झाले. भीती हीच की चांगलं वर्ष आलं की नियम सुटतो. म्हणून आजच्या बैठकीत पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पुढच्या वर्षाचा ठराव मांडला, पाऊस कितीही झाला तरी ऑक्टोबरमध्ये ताळेबंद होणार आणि आकडा आल्याशिवाय कोणी रब्बीचं बियाणं घेणार नाही. मंजूर झाला. पर्जन्यमापकाचं काम आता आठवीत गेलेली मुलं नव्या सातवीला शिकवतायत. बीकॉमवालीची वाल्मीच्या प्रशिक्षणासाठी शिफारस पाठवली.

तिचा प्रश्न मात्र वर्षभर वहीतच राहिला होता. गावविहीर वाचवली त्याचा फायदा भूमिहीनांना झाला, पण शेतीच्या दीडशे टीसीएममध्ये त्यांचा हिस्सा शून्य. तिने आप्पांकडे बसून एक मसुदा लिहिलाय, बचत गटातल्या भूमिहीन बायकांना गायरानाशेजारची पडीक जमीन खंडाने घेऊन द्यायची आणि पाझर तलावाखालच्या सामाईक विहिरीतून माणशी ठरावीक पाणी त्यांच्या नावावर लिहायचं. खंडाला दोन शेतकरी तयार आहेत. विहिरीच्या हिस्सेदारांशी बोलणं बाकी आहे, ते येत्या आठवड्यात. ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेवर हा पहिला विषय.